जीपीएसडीओ लॉक होतो, पण १० मेगाहर्ट्‌झ हलत राहतं

लंबक
माझ्या जीपीएसडीओत (जीपीएसच्या वेळेने ऑसिलेटर दुरुस्त करणारं यंत्र) निओ-एम८एन जीपीएस मॉड्यूलचा १ पीपीएस (दर सेकंदाला एक पल्स), १० मेगाहर्ट्‌झचा ओसीएक्सओ (ओव्हनमध्ये गरम ठेवलेला क्रिस्टल ऑसिलेटर) आणि त्याला कंट्रोल व्होल्टेज देणारा १६ बिट डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारा) अशी जोडणी आहे. कंट्रोल व्होल्टेज ० ते ५ व्होल्ट, तेवढ्यात वारंवारता एकूण १ पीपीएम (दहा लाखांत एक) सरकते. लूपचा (पीपीएसशी ताडून ओसीएक्सओ दुरुस्त करणारी साखळी) टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ती किती वेळाची सरासरी धरते, २० सेकंद. लॉक मिळतो, पण रुबिडियम घड्याळाशी ताडून पाहिलं तर १० सेकंदांच्या गेटवर (मोजणीच्या अवधीत) आकडा ०.०१ हर्ट्‌झने वरखाली होतो. अँटेना खिडकीत आहे. ओसीएक्सओ बदलावा का? याच पीपीएसवर कॉम्प्युटरचं घड्याळही लावायचंय, यूएसबीने चालेल?

शून्यबीट
ओसीएक्सओला हात लावू नका. आधी डॅकचा आकडा गोठवा आणि तासभर तेच मोजा. वारंवारतेचा आकडा संथपणे एकाच बाजूला सरकत असेल, उड्या मारत नसेल, तर दोष लूपचा.

मला तोच वाटतो. साध्या मॉड्यूलचा पीपीएस साधारण २० नॅनोसेकंद इकडेतिकडे होतो. २० नॅनोसेकंद भागिले २० सेकंद म्हणजे १×१०⁻⁹, १० मेगाहर्ट्‌झवर ०.०१ हर्ट्‌झ. नेमकं तेच तुम्हाला दिसतंय! थोड्या वेळापुरता ओसीएक्सओ पीपीएसपेक्षा कितीतरी शांत असतो, त्याला दर सेकंदाला ढोसू नका. ३० सेकंदांवर लॉक घ्या, ओव्हन नीट तापला की ३०० ते ५०० वर न्या. मात्र मग खोलीतला वारा जाणवू लागतो. ओसीएक्सओ बंद डब्यात, पंख्यापासून दूर हवा.

डॅकची एक पायरी तुमच्याकडे १.५×१०⁻¹¹ ची पडते. रेझिस्टर लावून डॅकला पट्ट्याचा पाचवा हिस्साच दिला तर ती ३×१०⁻¹² होते. मधला बिंदू ट्रिमरने लावा, क्रिस्टल वयाने सरकतो. डॅकचा रेफरन्स आणि ग्राउंड थेट ओसीएक्सओच्या पिनेपाशी घ्या; हीटरचा करंट त्याच ग्राउंडमधून गेला तर सगळं पाण्यात.

करवत
शून्यबीट यांच्याशी सहमत, पण नुसत्या सरासरीवर विसंबू नका. मॉड्यूल पल्स स्वतःच्या क्लॉकच्या जवळच्या टिकलाच सोडतं, त्यामुळे चूक करवतीच्या दात्यांसारखी चढते-उतरते. क्लॉक अगदी हळू सरकत असेल तेव्हा ती काही मिनिटं एकाच बाजूला अडकून बसते आणि लूप तिच्यामागे जातो. मॉड्यूलच्या यूबीएक्स-टिम-टीपी संदेशातला क्यूएरर (याच चुकीचा आकडा) मोजलेल्या फेजमधून वजा करा. तो पुढच्या पल्सचा असतो. मागच्याला लावलात तर गोंगाट उलट वाढेल.

खिडकीतली अँटेना मात्र खरंच बदला. अर्धं आकाश झाकलेलं आणि भिंतीवरून परावर्तन, म्हणजे दहा-दहा नॅनोसेकंदांची हळू भटकंती, ती कुठलाही फिल्टर काढत नाही. गच्चीवर लावा. एम८टी (याच मालिकेतलं वेळेसाठीचं मॉड्यूल) असेल तर सर्व्हे-इन करून (अँटेनाची जागा बराच वेळ मोजून) जागा पक्की करा, मग स्थानाची चूक वेळेत उतरत नाही. केबलचा मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंदांचा विलंब वारंवारतेला बाधत नाही, फक्त सेकंदाच्या काठाला.

शून्यबीट
घड्याळाचं राहिलं: यूएसबी नको, पोलिंगमुळे मिलिसेकंदाच्या घरातली अनिश्चितता येते. पीपीएस जीपीआयओवर (बोर्डाची थेट इनपुट पिन) किंवा सिरीयलच्या डीसीडी पिनेवर द्या, एनएमईए (मॉड्यूलचे मजकुरी संदेश) फक्त सेकंद कुठला ते सांगायला. जीपीएस वेळ २०१७ पासून यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळ) १८ सेकंद पुढे आहे आणि नव्याने चालू केलेल्या मॉड्यूलला ही दुरुस्ती मिळायला १२.५ मिनिटं लागू शकतात. तोवर घड्याळ जुळवू नका.