या आठवड्यात घरात पाच पुस्तकं चालू आहेत, सहावं सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचं आहे: कोणतं आणि कसं?

प्रश्न: पाचजण_धंतोली

घरात वाचणारे पाच जण. या आठवड्यात कोण काय वाचतंय ते आधी सांगते. आजी (७८) लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. बाबा मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’. आई ‘कुसुमानिल’, म्हणजे कवी अनिल आणि कुसुमावती यांची लग्नाआधीची पत्रं. मुलगी (१४) व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’. मुलगा (९) फास्टर फेणे, आणि अधूनमधून ‘किशोर’चे जुने अंक.

आता रात्री जेवणं आटोपली की साडेनऊ ते सव्वादहा सगळ्यांनी एकत्र बसून एकच पुस्तक मोठ्याने वाचायचं ठरलं आहे. या पाचांतलंच एखादं घ्यावं की वेगळं? पंचेचाळीस मिनिटांत किती पानं होतात? आजीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तिलाही वाचायची पाळी हवी आहे, पण पाच-सात मिनिटांत अक्षरं पुसट व्हायला लागतात. आणि बसायची खोली कूलरची. पुस्तकांचं कपाट त्याच खोलीत आहे, पाऊस सुरू झाल्यापासून पानं लहरी धरून राहिली आहेत आणि कुबट वास येतो. या तिन्ही गोष्टींवर नेमकं सांगा.

उत्तर: मोठ्याने_वाचा

आधी वेगाचं बघा, कारण बेत तिथेच फसतात. मनात वाचायच्या हिशेबाने लोक रोज तीस पानं ठरवतात आणि तिसऱ्या दिवशी मागे पडतात. मराठी मोठ्याने, नीट, विरामचिन्हं पाळून वाचलं तर मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात. नेहमीच्या डेमी आकाराच्या पानावर २५० ते ३०० शब्द, म्हणजे एका पानाला सव्वादोन-अडीच मिनिटं. पंचेचाळीस मिनिटांतली दहा तरी मिनिटं प्रश्नांत, हसण्यात, पाणी पिण्यात जातात आणि ती जायलाच हवीत. तेव्हा रात्रीची १२ ते १४ पानं धरा, आठवड्याला पाचच रात्री मोजा. ६० ते ७० पानं, त्याहून जास्त नाही. तुमच्या घरचा खरा आकडा हवा असेल तर प्रत्येकाला त्याच पुस्तकाचं एकेक पान घड्याळ लावून वाचायला द्या.

पुस्तक पाचांतलंच घ्या आणि ‘स्मृतिचित्रे’ घ्या. आजी वाचतेच आहे म्हणून नव्हे. ते मुळात बोललेलं गद्य आहे. वाक्यं आखूड, क्रियापद हाताशी, प्रसंग दोन-चार पानांत पुरा होतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या कानाला हेच लागतं. लांब वर्णनांच्या परिच्छेदांत मुलं चौथ्या ओळीला सुटतात आणि मग आपल्याला वाटतं पुस्तक अवघड आहे. सुरुवातीचाच भाग बघा. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांचं सोवळं टोकाला गेलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, ही त्या घरातली तऱ्हा. मुलगा तिथे हसेल आणि दोन पानांनी गप्प होईल. ते गप्प होणं मोडू नका, लगेच समजवायला जाऊ नका.

समजवायचं ते आधी. वाचायला बसण्यापूर्वी दोन मिनिटं घेऊन त्या रात्रीच्या पानांतले पाच-सहा शब्द सांगून टाका: सोवळं-ओवळं, माजघर, विटाळ असे. वाक्य मध्येच तोडून अर्थ सांगितला की लय जाते आणि वाचणाऱ्याचाही हिरमोड होतो.

आवृत्तीची एक अडचण हमखास येते. हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं, आज त्याच्या संपूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही प्रती घरोघरी आहेत. आजीची एक आणि वाचनालयातून आणलेली दुसरी अशा दोन प्रती वापरणार असाल तर पानांचे आकडे जुळत नाहीत, संक्षिप्त प्रतीत मजकूरच गाळलेला असतो. शक्यतो एकच प्रत फिरवा. दोन हव्याच असतील तर थांबल्या जागी पुढच्या परिच्छेदाचे पहिले तीन शब्द वहीत लिहा. पान क्रमांक लिहू नका.

एका माणसाने सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाचू नये. घसा बसतो, आणि बसायच्या आधी आवाज सपाट होतो. ऐकणारे तिथेच पेंगतात. मुलाला रोज ‘किशोर’मधला एक लेख किंवा कविता द्या, दोन-तीन पानांची, आणि त्यानेच सुरुवात करावी. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पहिला वाचणारा तो असला की उरलेली चाळीस मिनिटं तो बसतो.

एखाद्या रात्री पुस्तक बदलावंसं वाटलं तर ‘कुसुमानिल’मधली दोन पत्रं, एक पत्र आणि त्याचं उत्तर, दोन आवाजांत वाचा. एकाच आवाजात सलग पत्रं वाचली तर कोण लिहितंय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘चकवाचांदण’ मात्र एकट्याने वाचायचं पुस्तक आहे, ते बाबांकडेच राहू द्या. चितमपल्ली सगळ्यांना ऐकवायचे असतील तर ‘रानवाटा’तला एक लेख एका बैठकीत होतो. मुलीचं ‘नागझिरा’ चालूच आहे, म्हणजे भंडारा-गोंदियाचं ते रान घरात दोन्हीकडून येईल.

उत्तर: चष्मा_आणि_दिवा

आजींच्या डोळ्यांबद्दल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बहुतेकांना बसवलेली लेन्स दूरचं स्पष्ट दिसेल अशी असते. जवळचं वाचायला वेगळा नंबर लागतो, साधारण +२.५० ते +३.००. या नंबराचं अंतर ठरलेलं असतं. +२.५० ला पुस्तक डोळ्यांपासून ४० सेंटीमीटरवर हवं, +३.०० ला ३३ वर. पुसट दिसलं की माणूस पुस्तक आणखी जवळ ओढतो, आणि २५ सेंटीमीटरवर आलं की जास्तच पुसट होतं. टेपने एकदा मोजून बघा, निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. तेवढ्याने भागलं नाही तर नंबर पुन्हा तपासून घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

दुहेरी काचेच्या चष्म्यातून खालच्या चकतीने पाऊण तास वाचायचं तर हनुवटी वर धरावी लागते, मान दुखते आणि दुखणं डोळ्यांच्या नावावर जातं. फक्त वाचायचा, एकाच नंबरचा चष्मा वेगळा करा.

छताची ट्यूबलाइट डोक्याच्या मागे असली तर स्वतःचीच सावली पानावर पडते. ९ वॅटच्या एलईडीचा टेबललॅम्प खांद्याच्या बाजूने, पानापासून हात-दीड हातावर ठेवा. दिवा समोर ठेवू नका, पान चमकतं. आणि पुस्तक हातात धरायचंच नाही. पोथीखाली ठेवतात ते लाकडी व्यासपीठ टेबलावर ठेवा, अंतर बदलत नाही आणि मनगटं थकत नाहीत.

मोठ्या अक्षरांसाठी टॅब्लेट घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ बहुतेक स्कॅन केलेल्या असतात. त्यांत अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, दर ओळीला पान सरकवावं लागतं. सहा इंची वाचनयंत्रावर असं पान वाचवत नाही. दहा इंची पडदा आणि समास कापलेली फाइल, एवढं असेल तरच त्या वाटेला जा.

उत्तर: खळ_आणि_दोरा

कूलर आणि पुस्तकं एका खोलीत, हे नागपुरात घरोघरी आहे, आणि नुकसान मे महिन्यात होत नाही. मे मध्ये बाहेरची हवा इतकी कोरडी असते की कूलरचं पाणी ती पिऊन टाकते. खरा घात आता होतो. पाऊस पडला, हवा आधीच दमट झाली, आणि आपण उकडतं म्हणून कूलर पंपासकट चालूच ठेवतो. खोली थंड होत नाही, फक्त ओलावते. कागद तो ओलावा कडेकडून घेतो, मधल्या भागापेक्षा कडा जास्त फुगतात, म्हणून पानं लहरी धरतात.

आजच पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. वाचताना आवाज कमी हवा तर वेगही मंद ठेवा. टाकी रिकामी करा, वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या काढून उन्हात कडकडीत वाळवा. कुबट वास बऱ्याचदा पुस्तकांचा नसून ताट्यांचाच असतो. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळतं, ते कपाटाच्या आत ठेवा, खोलीत नाही. काटा ६० टक्क्यांच्या आत असला की निश्चिंत. ६५ च्या वर काही दिवस राहिला की बुरशी धरतेच.

कपाट कूलरच्या झोतासमोर नको, बाहेरच्या भिंतीलाही चिकटून नको. मागे चार बोटं जागा सोडा, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून चढते, मागची बाजू दिसत राहिली तर तिचे मातीचे बोगदे वेळेत दिसतात. पुस्तकं खच्चून भरू नका. एक बोट सहज शिरेल एवढी सैल हवीत, म्हणजे हवा खेळते आणि काढताना पाठीचं टोक फाटत नाही.

डांबरगोळ्यांवर फार विसंबू नका. कसर त्यांनी थोडी लांब राहते, पण बुरशीला त्यांचं काही नाही, आणि जिथे मुलं आणि आजी रोज पाऊण तास बसतात तिथे तो वास नकोच. वेखंडाची पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून कप्प्यात ठेवा, कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर आधी चुरा होईल इतका वाळवा. ओलसर पाला म्हणजे आपणच आत ओलावा नेऊन ठेवणं.

प्रश्नकर्ती: पाचजण_धंतोली

पंप बंद केला, ताट्या बाहेर काढल्या. आजीचं पुस्तक २७ सेंटीमीटरवर होतं! अजून दोन गोष्टी विचारते. शनिवारी एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ पात्रं वाटून वाचायचं मनात आहे. दहा पात्रं, वाचणारे पाच, कसं जमवायचं? आणि ‘कुसुमानिल’च्या पाठीजवळ करड्या ठिपक्यांची बुरशी दिसते, दोन-तीन पानांना बारीक आरपार भोकंही आहेत. ऊन दाखवू का?

उत्तर: मोठ्याने_वाचा

पाच नाही, चार धरा. मुलगा झोपल्यावर वाचा. वाटण्या, कर्ज, रंजूचं प्रकरण हे चौदाव्या वर्षी चालेल, नवव्या नको.

पात्रं वाटताना संवाद किती आहेत ते बघू नका, कोण कोणाशी बोलतं ते बघा. एका कागदावर उभे रकाने प्रसंगांचे, आडव्या ओळी पात्रांच्या, आणि जे हजर त्यावर खूण. एकाच रकान्यात खूण असलेली दोन पात्रं एकाच वाचकाकडे गेली की तो स्वतःशीच बोलत बसतो. भास्कर, सुधीर आणि चंदू हे तिघे भाऊ तीन वेगळ्या आवाजांत हवेतच, वहिनी आणि अंजलीही एकमेकींहून वेगळ्या. चौघांत पुरुषाचा आवाज एकच, म्हणजे बायकांनी पुरुषांची पात्रं वाचावीत, बिनदिक्कत. दहा मिनिटांनी कानाला सवय होते. दादी आजींकडेच द्या. कंसातल्या सूचना एकाच ठरावीक माणसाने, हलक्या आवाजात वाचाव्यात. त्या गाळू नका. दारातला तो गंजलेला ट्रॅक्टर संवादांइतकाच बोलतो.

एका रात्रीत पुरं करायचा हट्ट नको. अंक संपला की थांबा, उरलेलं रविवारी.

उत्तर: खळ_आणि_दोरा

ऊन मुळीच नको. आपल्याकडचं ऊन कागद पिवळा करतं आणि पाठीचा डिंक कडक करून तडकवतं. मग पानं सुटी होतात.

भोकं कसरीची किंवा दुसऱ्या किड्याची, ठिपके बुरशीचे. दोन्हींसाठी पहिली पायरी एकच: पुस्तक कपाटातून आजच वेगळं करा. ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी कागदात शिरते. सावलीत, बाकीच्या पुस्तकांपासून दूर हवेशीर जागी, पुस्तक उभं ठेवून पानं पंख्यासारखी पसरा. दर दोन-तीन तासांनी पसरलेली पानं बदला. दोन दिवसांत ठिपके कोरडे, भुकटीसारखे झाले की गच्चीवर न्या, नाकाला मास्क लावा आणि मऊ ब्रशने पाठीकडून बाहेरच्या दिशेने झटका. हे घरात केलंत तर बुरशी बाकीच्या पुस्तकांवर जाऊन बसेल.

मग किड्यांचं. पुस्तक पूर्ण कोरडं झाल्यावर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, चिकटपट्टीने बंद करा आणि फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीझरची थंडी कमी-जास्त होते, दोन-तीन दिवसांवर भरवसा नको, अंडी जगतात. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. थंड पुस्तक दमट हवेत उघडलं तर पानांवर दव धरतं आणि बुरशीचं पहिल्यापासून सुरू होतं.

भोकांवर पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, चार-पाच वर्षांत ती पिवळी पडून शेजारच्या पानाला चिकटते. बारीक भोकं तशीच राहू द्या, वाचायला अडत नाहीत. पाठ सुटली असेल तर पांढऱ्या डिंकाचा पातळ थर ब्रशने लावा, दोन फळ्यांमध्ये दाबून रात्रभर वजन ठेवा. घरची मैद्याची खळ लावू नका. कसर त्या खळीसाठीच तर येते. बांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात ते त्यासाठीच, पण मोरचूद विषारी आहे, लहान मूल असलेल्या घरात ते हाताळू नका.