नेव्ही सूटवर ऑक्सफर्ड की डर्बी? चवडा रुंद आहे

निळा_कोट:
डिसेंबरमध्ये घरचं लग्न आहे. विधी सकाळी कार्यालयात, संध्याकाळी रिसेप्शन लॉन्सवर. सूट गडद नेव्ही ब्लू. त्यावर काळे लेसचे बूट घ्यायचे आहेत, पुढे इंटरव्ह्यूलाही चालले पाहिजेत. बजेट सहा हजार. टाच भिंतीला टेकवून मोजलं तर पाऊल २६.५ सेंमी भरतं, पण चवडा रुंद आहे. ८ नंबर लांबीला नीट बसतो, करंगळीपाशी मात्र दाबतो. ९ घातला की टाच सुटते. दुकानदार म्हणतो, ९ घ्या, आत जाड इनसोल टाकून देतो. हे करावं का? ऑक्सफर्ड घ्यावा की डर्बी? आणि सोल कुठला?

पायताण:
९ घेऊ नका. एक नंबर वाढवला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते आणि रुंदी जेमतेम दोनेक मिलिमीटरने. म्हणजे तुमची अडचण रुंदीची आणि दुकानदार विकतोय लांबी. वर जाड इनसोल टाकला की पाऊल आत उचललं जातं. बोटांवरची जागा आणखी कमी होते, करंगळी आता वरून दाबली जाते, आणि टाच बुटाच्या मागच्या कडक कपातून वर येऊन घासायला लागते.

बूट बसतो की नाही हे अंगठ्यापुढची जागा चाचपून ठरत नाही. फॉर्मल बुटाचं नाक मुळातच लांब असतं, तिथे एक-दीड सेंमी रिकामं राहणारच. पाहायचं ते अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड. बुटाचा सर्वांत रुंद भाग बरोबर त्या हाडापाशी आला पाहिजे, कारण चालताना पाऊल तिथे मुडपतं. बूट लांबीला मोठा असेल तर तो चुकीच्या जागी मुडपतो. मग चामड्याला आडवी खोल घडी पडते, ती बोटांवर टोचते आणि काही महिन्यांत नाक वर उचललं जातं.

तुम्हाला हवा आहे ८ नंबरचाच, पण रुंद साच्याचा बूट. ब्रिटिश मापात 'एफ' ही सर्वसाधारण रुंदी, 'जी' हे अक्षर म्हणजे रुंद आणि 'एच' त्याहून रुंद. हे अक्षर खोक्यावर किंवा बुटाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं, अर्थात सगळेच छापत नाहीत. अक्षर नसेल तर नाकाचा आकार बघा: गोल किंवा बदामी चालेल, टोकदार आणि चौकोनी छाटलेलं नको.

आता ऑक्सफर्ड-डर्बी. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या भोकांच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असतात, म्हणून त्या एका मर्यादेपर्यंतच उघडतात. डर्बीत त्या वरून शिवलेल्या असतात आणि दारासारख्या उघडतात, त्यामुळे रुंद किंवा उंच पावलाला सामावून घेतात. दुकानात ऑक्सफर्ड घाला, लेस नेहमीसारखी आवळा आणि पट्ट्यांमधली फट पाहा. नव्या बुटात पाऊण ते एक सेंमीची समांतर फट उत्तम, चामडं सैलावलं की ती मिटते. फट दोन सेंमीच्या आसपास राहून व्हीसारखी फाकत असेल तर तुमचं पाऊल त्या बुटाला उंच आहे, थेट डर्बी घ्या. उलट पहिल्याच दिवशी पट्ट्या एकमेकींना टेकल्या, तर पुढे बूट आवळायला जागाच उरणार नाही.

तुमच्या वर्णनावरून माझं मत डर्बीकडे जातं. साधा काळा, नाकावर एक आडवी शिवण किंवा तीही नाही, भोकांच्या नक्षीचा नको. ऑक्सफर्डपेक्षा किंचित कमी औपचारिक मानतात, पण सूटखाली शोभतो. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाऊल थोडं सुजलेलं असतं. मोजे लग्नात घालणार तेच न्या. दोन्ही पायांत घालून बघा आणि मोठ्या पायाचं माप धरा.

चामडं_ओळखा:
बसण्याबद्दल वर आलं आहेच, मी मालाबद्दल लिहितो. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच, की त्यात चामडं आहे. कोणत्या प्रतीचं, ते त्यातून कळत नाही. या किमतीत बहुतेक वेळा वरचा थर घासून त्यावर रंगाचा लेप दिलेलं चामडं मिळतं. ते आरशासारखं गुळगुळीत दिसतं, पण घडीवर लेप तडकतो आणि तडा पॉलिशने भरून येत नाही. बूट हातात घेऊन चवड्यापाशी हलकेच वाकवा. बारीक, एकमेकींना लागून सुरकुत्या येऊन सोडल्यावर विरल्या तर चामडं बरं. प्लास्टिकच्या कागदासारखी एकच जाड घडी पडली तर ठेवून द्या.

मग आत बोट घालून अस्तर बघा. निदान टाचेच्या आणि इनसोलच्या भागात खरं चामडं हवं, नाहीतर आपल्या हवेत घामाने मोजे भिजतात. मागची टाच बाहेरून चिमटीत दाबा. ती कडक लागली पाहिजे. सहज आत जाते तो बूट पाय धरत नाही.

सोलच्या कडेची शिवण दिसली म्हणून हुरळू नका. पुष्कळदा ती पट्टी नुसती शोभेची असते आणि सोल चिकटवलेलाच असतो. सहा हजारांत चिकटवलेला सोल असणं गैर नाही, पण शिवलेल्याचे पैसे त्याला देऊ नका. चामडी सोल तुम्हाला नकोच. हिरवळीवर संध्याकाळी दव किंवा शिंपडलेलं पाणी असतं, चामडी सोल ते शोषून फुगतो, आणि कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर घसरतो. रबर किंवा टीपीआरचा (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा) सोल घ्या, बाजूने पातळ दिसणारा. जाड खाचांचा सोल सूटखाली बोजड दिसतो.

निळा_कोट:
दोघांचे आभार. डर्बीच बघतो, ८ रुंद. एक शंका: घरात काळ्या फॉर्मल बुटांचा एक जोड चार-पाच वर्षं खोक्यात आहे, दोन-तीनदाच वापरलेला. वरून नवाकोरा दिसतो. सकाळच्या विधींना तो चालवून घेऊ का?

चामडं_ओळखा:
आधी सोल तपासा. वजनाला हलका, दाबला की फोमसारखा दबणारा असेल तर तो बहुधा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा आहे. हवेतल्या ओलाव्याने पीयूच्या रेणूंची साखळी आतून तुटत जाते, वापरा किंवा न वापरा. उलट बंद खोक्यात हे जास्त होतं. वरून काही कळत नाही, आणि मग भर कार्यक्रमात टाच भुगा होऊन सुटते. टाचेच्या कडेला नख रुतवा. खळगा तसाच राहिला, चिकट लागलं किंवा भुकटी निघाली तर संपलं. तसं नसलं तरी लग्नाआधी आठवडाभर ते घालून घरात अर्धा तास चाला. फेव्हिक्विकने जोडू नका, भुगा होणाऱ्या पृष्ठभागाला काहीच चिकटून राहत नाही. वरचं चामडं चांगलं असेल तर मोची जुना सोल पूर्ण खरवडून रबराचा नवीन बसवून देतो. तो खर्च करण्याजोगा आहे.

पायताण:
सकाळच्या विधींबद्दल आणखी एक. कार्यालयात बूट दहादा काढावे-घालावे लागतात. लेस न सोडता टाचेवर पाय देऊन घुसवला की मागचा कडक कप मोडतो, आणि एकदा मोडला की तो पुन्हा उभा राहत नाही. खिशात छोटा शूहॉर्न (टाच बुटात सरकवायची पट्टी) ठेवा किंवा सकाळपुरते बिनलेसचे लोफर घाला.

नवा जोड निदान दोन आठवडे आधी आणा आणि रोज तासभर घरातल्या फरशीवर घाला, म्हणजे सोल स्वच्छ राहतो. करंगळीपाशी किंचित दाबत असेल तर मोची साच्यावर चढवून रुंदी थोडी वाढवून देतो. लांबी वाढत नाही, त्यामुळे आखूड बूट त्या आशेवर घेऊ नका.

ब्रशवाला:
पॉलिशचं राहिलं. बाटलीतलं स्पंज लावलेलं झटपट पॉलिश टाळा, त्याचा थर साचतो आणि घडीवर फुटतो. खोबरेल तेलही नको. चामडं मऊ पडतं, धूळ धरतं आणि वर मेण टिकत नाही. आदल्या रात्री ब्रशने धूळ काढा, शू क्रीम फडक्याच्या टोकावर अगदी थोडं घेऊन सगळीकडे चोळा, दहा मिनिटांनी ब्रश मारा. डबीतलं मेणाचं पॉलिश फक्त नाकाला आणि टाचेला लावा. चवड्याच्या घडीवर जाड मेण दिलं तर चार पावलांत पांढऱ्या रेघा उमटतात. मोजे काळे किंवा नेव्ही, पोटरीपर्यंतचे घ्या. बसल्यावर उघडी नडगी दिसायला नको. पट्टाही काळाच.