दहा-बारा तुकडे कापून अख्ख्या मंडळाचा पीकविमा?

चिखलपाय:
खरीप २०२५पासून राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली, म्हणजे निवडक शेतांतला ठरलेला तुकडा कापून उत्पादन मोजायचं. ७२ तासांत नुकसानीची तक्रार टाकायची सोय गेली. आता महसूल मंडळात एका पिकाचे दहा-बारा प्रयोग, त्यावर सगळ्या गावांचं नशीब. माझं सोयाबीन ओढ्याकाठी सडलं, प्रयोग निघाले माळावरच्या रानांत. सरासरी चांगली आली, मला रुपया नाही. याला शास्त्र म्हणायचं?

रँडमराव:
शास्त्रच आहे की. शितावरून भाताची परीक्षा करतोच ना आपण? नमुना किती मोठा हवा हे एकूण शेतं किती यावर फारसं ठरत नाही, उत्पादनात चढउतार किती यावर ठरतं. फक्त शेतं चिठ्ठीसारखी निघायला हवीत.

चिखलपाय:
पातेलं एक असेल तर शीत ठीक. आमच्या मंडळात चार चुली आहेत. काळी, मुरमाड, ओढ्याकाठ, बागायत.

बांधकोपरा:
मी कृषी सहायक, नऊ वर्षं प्रयोग घेतोय. गट नंबर रँडम निघतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहून ठरलेली पावलं लांबीत, ठरलेली रुंदीत, तिथे खुंटी. सोयाबीनला १० बाय ५ मीटर, म्हणजे ५० चौरस मीटर. सहा किलो दाणा भरला तर हेक्टरी १२ क्विंटल. काट्यावर १०० ग्रॅम इकडेतिकडे झाले की हेक्टरी २० किलोंचा फरक! आणि काट्याभोवती कंपनीचा माणूस आणि अर्धं गाव. एकाला आकडा वर हवा, दुसऱ्याला खाली. एकदा पोचलो तर निवडलेल्या गटात आदल्या दिवशीच गंजी लागलेली. खरी गडबड इथे होते, दहा की बारा यात नाही.

हिशेबी:
मग मीटरभराचे शंभर तुकडे घ्या, चढउतारही सापडेल.

रँडमराव:
हा वाद १९४०च्या दशकातच झालाय. दोघेही संख्याशास्त्रज्ञ: महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूने, आपल्या साताऱ्याचे पां. वा. सुखात्मे मोठ्या. तुकडा छोटा की कडेची झाडं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं, हे सुखात्म्यांनी दाखवलं. फुगलं तर तोटा कुणाचा, सांगायला नको. त्यापेक्षा जमिनीच्या प्रकाराप्रमाणे शेतांचे थर, म्हणजे वेगळे वर्ग, पाडून प्रत्येकात प्रयोग घ्या. चिखलपाय यांचं चार चुलींचं म्हणणं तेवढं मान्य.

चिखलपाय:
थर पाडूनही सरासरी मंडळाचीच काढणार ना? ती उंबरठा उत्पादनाच्या वर गेली की मी पुन्हा कोरडाच. सात वर्षांतल्या चांगल्या पाचांची सरासरी, तिचे ७० टक्के, त्याखाली मंडळ घसरलं तरच पैसे. माझं रान घसरलं त्याचं काय?

रँडमराव:
ते विम्याचं एकक मोठं ठेवल्याचं पाप. नमुन्याला मंडळाची सरासरी विचारलीत, ती त्याने सांगितली.

चिखलपाय:
मला सरासरी नको होती, दादा. बांधकोपरा, प्रयोगाची तारीख गावाला आधी कळवता का?

बांधकोपरा:
कापणी कधी ते त्या शेतकऱ्यालाच विचारून ठरतं. पुढच्या खेपेला या तुम्ही, दोरीचं एक टोक धरा.