कूबर पेडीला दोन रात्री राहाच

सी-५०१ : नमस्कार मंडळी. बी-७०२च्या काकू, तुम्ही गेल्या वर्षी मुलीकडे ॲडलेडला गेला होतात ना? आम्ही डिसेंबरमध्ये भावाकडे निघतोय, मेअखेरपर्यंत तिथेच आहोत. भाऊ म्हणतोय कूबर पेडीला जाऊ. इकडचा ट्रॅव्हल एजंट म्हणाला, "ओसाड माळ आहे, बघण्यासारखं काही नाही." काय करावं?

बी-७०२ : अगं, जा. अख्ख्या ऑस्ट्रेलियात माझ्या मनात घर करून राहिलं ते हेच गाव. आम्हालाही असंच सांगितलं होतं, म्हणून एकच रात्र ठेवली. तिथे पोहोचल्यावर हातापाया पडून दुसरी रात्र मिळवली. तू आधीच दोन रात्रींचं बुकिंग कर, आणि खोली जमिनीखालचीच घे.

डी-१०४ : जमिनीखाली??

बी-७०२ : हो रे. वस्ती जेमतेम दीड-दोन हजारांची, आणि त्यातले बरेच लोक टेकडीच्या पोटात राहतात. अशा घराला तिथे डगआउट म्हणतात. उन्हाळ्यात बाहेर ४०-४५ अंश असतात आणि आत बारा महिने २३ ते २५, तेही एसीशिवाय. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी ही राहायची पद्धत आणली असं सांगतात.

सी-५०१ : काकू, आईचे गुडघे दुखतात. जिने उतरावे लागतात का?

बी-७०२ : माझेही दुखतात, म्हणून हे मी आधी विचारून घेतलं होतं. हे तळघर नव्हे. टेकडीच्या अंगाला दार असतं, सरळ चालत आत शिरायचं. आमच्या खोलीच्या भिंतींवर कोरणाऱ्या यंत्राच्या दातांचे गोल गोल वळ तसेच होते. गुलाबी दगड, मध्येच पांढरा पट्टा, मध्येच विटकरी. माती झडू नये म्हणून वरून पारदर्शक थर दिलेला. दिवा घालवला की डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही, आणि आवाज तर कसलाच नाही. मी पहाटे साडेचारला उठणारी बाई. जाग आली तेव्हा वाटलं अजून रात्रच आहे, घड्याळात साडेआठ!

ए-२०३ : वहिनी, एक शंका. छताला आधार कशाचा? आतून लाकडी टेकू वगैरे?

बी-७०२ : नाही हो भाऊजी, काहीच नाही. आमच्या मोटेलवाल्यांनी सांगितलं, दगड स्वतःच तोलून धरतो. दोन खोल्यांच्या मधली भिंत जाड ठेवायची आणि डोक्यावर भरपूर दगड शिल्लक राहील एवढं बघायचं. हवेसाठी वरपर्यंत भोकं पाडलेली असतात. टेकडीवर गेलं की नुसत्या नळ्या उभ्या दिसतात, खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

ए-२०३ : म्हणजे वेरूळसारखंच, बांधायचं नाही, कोरायचं. खांब उभा करत नाहीत, मागे ठेवतात. फक्त आपला बेसॉल्ट छिन्नीला सहजी दाद देत नाही आणि तिथला वालुकाश्म मऊ, म्हणून यंत्रानं भराभर निघतो. बघायला हवं.

बी-७०२ : अगदी. तिथलं सर्बियन लोकांचं चर्च बघताना मला वेरूळचीच आठवण झाली. सगळं कोरीव, कमानदार छत दगडातलंच. कुठकुठले लोक तिथे येऊन राहिलेत, सर्ब, क्रोएशियन, ग्रीक, इटालियन. सगळे ओपलपायी आलेले.

ई-३०३ : ओपल म्हणजे शुक्रासाठी अंगठीत घालतात तो ना?

बी-७०२ : तोच. आणि हा शब्द मुळात आपल्याकडचाच असं मानतात, संस्कृत 'उपल' म्हणजे दगड, रत्न. गावाची गोष्टही ओपलचीच आहे. १९१५ साली काही माणसं सोनं शोधत त्या माळावर आली. सोनं मिळेना, पाणी मिळेना. त्यांच्यातला विली हचिसन, वय वर्षं चौदा, पाणी शोधत फिरताना त्याला जमिनीवर ओपलचे तुकडे सापडले. तारीख १ फेब्रुवारी. पुढे १९२० मध्ये गावाला कूबर पेडी नाव पडलं, मूळ शब्द तिथल्या आदिवासींचा, 'कुपा पिटी'. अर्थ सहसा 'गोऱ्या माणसाचं बीळ' असा सांगतात. त्या लोकांना हे बिळात शिरणारे गोरे कसे दिसले असतील ते त्या एका नावात आलं!

डी-१०४ : आजी, मी गुगलवर बघितलं, गाव कसलं, नुसते पांढरे ढीग दिसतात.

बी-७०२ : ते ढीग म्हणजे खणून काढलेली माती. प्रत्येक ढिगाशेजारी मीटरभर रुंदीचं खोल भोक असतं, आणि ती बुजवत नाहीत. म्हणून जागोजागी पाट्या आहेत, पळू नका, उलटं चालू नका. ह्यांना फोटो काढताना मागे मागे सरकायची सवय. गाईडनं दंडाला धरून ओढलं. मागे तीन-चार पावलांवर भोक होतं. माझे हातपाय गार पडले. सी-५०१ ताई, मुलांचा हात सोडू नकोस आणि कुंपण नसलेल्या खाणपट्ट्यात स्वतःहून पाऊल टाकू नकोस. ढिगात ओपल शोधायचंच असेल तर गावात त्यासाठी सगळ्यांना मोकळी ठेवलेली जागा आहे. त्याला नूडलिंग म्हणतात. आम्ही दोन तास माती चाळत बसलो होतो.

ई-३०३ : मिळालं काही?

बी-७०२ : सांगते. आधी रस्त्याचं लिहिते, ते महत्त्वाचं. ॲडलेडहून साधारण ८५० किलोमीटर, स्टुअर्ट हायवे, सबंध दिवस जातो. वाटेतलं ग्लेंडॅम्बो गाव सोडलं की पुढे अडीचशे किलोमीटर पेट्रोल नाही. टाकी भरून घ्यायची, पाणी माणशी पाच लिटर तरी. अंधार पडायच्या आत पोहोचायचं, संध्याकाळी कांगारू आणि एमू रस्त्यावर येतात. तीन-चार डबे जोडलेले लांबच लांब ट्रक असतात, त्यांना ओव्हरटेक करताना घाई नको. आणि गाडी भाड्यानं घेताना कच्च्या रस्त्याला विमा चालतो का हे लेखी विचारून घे. आमच्या गाडीवाल्यांनी हो-हो म्हणून गाडी दिली. गावात पोहोचल्यावर कागद वाचले तर कच्च्या रस्त्यावर विमा नाहीच. आणि ब्रेकअवेजचा रस्ता कच्चा. शेवटी तिथल्या टूरच्या गाडीतून गेलो, वेगळे पैसे पडले.

ए-२०३ : ब्रेकअवेज म्हणजे?

बी-७०२ : गावापासून तीसेक किलोमीटरवर सपाट माथ्याचे सुटे सुटे डोंगर आहेत, एक पांढरा, शेजारचा गडद विटकरी. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, म्हणून ओपल झालेले शिंपलेही सापडतात. ती जमीन आता मूळ आदिवासींच्या ताब्यात आहे, परवाना काढून जायचं. सूर्य मावळताना जा. दहा-पंधरा मिनिटांत पिवळ्याचा केशरी, केशरीचा जांभळा होतो. आमच्याबरोबरची एक जर्मन बाई रडत होती, मलाही भरून आलं. जवळच कुत्र्यांचं कुंपण आहे, डिंगो म्हणजे तिथल्या रानकुत्र्यांपासून मेंढ्या वाचवायला घातलेलं. साधी तारेची जाळी, पण लांबी ५६०० किलोमीटर.

सी-५०१ : जानेवारीत चालेल का काकू? भावाला तेव्हाच सुट्टी आहे.

बी-७०२ : नको गं. जानेवारीत वरती उभंही राहवणार नाही, आणि माशा इतक्या की डोळ्यात, नाकात जातात. आईंना घेऊन तर मुळीच नको. तू मेपर्यंत आहेस ना? मग मेमध्येच ठेव. रात्री थंडी असते, स्वेटर हवा. आपल्याकडे मेमध्ये दक्षिणेला क्षितिजाजवळ दिसणारा त्रिशंकू तिथे चांगला उंच असतो.

सी-५०१ : भावाशी बोलते. मे म्हणजे मुलांची शाळा… बघते.

बी-७०२ : मुलांना तर खूप आवडेल. अनाथ कांगारू सांभाळणारी एक जागा आहे. आई गाडीखाली गेलेली पिल्लं कापडी पिशवीत ठेवतात, बाटलीनं दूध पाजतात. एक पिल्लू डोकं आत खुपसून फक्त शेपूट बाहेर ठेवून झोपलं होतं.

ई-३०३ : आणि पाण्याचं काय काकू? इतक्या वाळवंटात?

बी-७०२ : गावाबाहेरच्या बोअरचं खारं पाणी यंत्रानं गोडं करून पुरवतात, महाग पडतं. आमच्या बाथरूममध्ये कमी वेळात अंघोळ उरका अशी विनंती लावली होती. परत आल्यापासून मी इथे नळ सोडून भांडी घासू देत नाही. टँकरचं बिल बघताना ते गाव आठवतं.

ई-३०३ : बरं, ओपल विकत घ्यावं का तिथून?

बी-७०२ : घ्यायचं तर आधी विचार, सबंध ओपल आहे की डब्लेट-ट्रिपलेट? डब्लेट म्हणजे ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवलेली, ट्रिपलेटला वरून पारदर्शक टोपीही असते. ती स्वस्त असतात, दिसायला सुंदर, पण पाण्यात भिजवायची नाहीत. दुकानदार विचारलं तर खरं सांगतात, विचारायला मात्र हवं.

ई-३०३ : काकू, तुम्हाला मिळालं का ते सांगाच आता.

बी-७०२ : मिळालं. तांदळाच्या दाण्याएवढं. किंमत काही नाही, पण जिरेसाळच्या दाण्यात हिरवी ठिणगी अडकावी तसं दिसतं. संध्याकाळी पाचला खाली बाकावर घेऊन येते. उन्हातच बघायला हवं, ट्यूबलाइटखाली रंग उठत नाही. ताई, तूही ये. माशांपासून तोंडावर घ्यायच्या दोन जाळ्या आहेत माझ्याकडे, त्या देते. मेमध्येही लागतील.