‘द मिसफिट्स’: घोडा सोडला, पण आधी बांधून! हा शेवट तुम्हाला पटतो का?

पडदानशीन:
‘द मिसफिट्स’ (1961) काल तिसऱ्यांदा पाहिला. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, पटकथा आर्थर मिलरची. क्लार्क गेबल आणि मेरिलिन मन्रो, दोघांचाही हा शेवटचा पूर्ण झालेला सिनेमा. पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नेवाडाच्या वाळवंटात गे (गेबल), गिडो आणि पर्स रानटी मस्टँग घोडे धरायला जातात. ते विकायचे कुणाला, तर कुत्र्यांचं डबाबंद खाणं बनवणाऱ्यांना, पौंडाला 6 सेंट भावाने. सोबत आलेल्या रोझलिनला (मन्रो) हे कळतं आणि ती हादरते. शेवटी पर्स घोडे सोडायला लागतो. गे चवताळतो, कळपातला नर घोडा एकट्याने पुन्हा धरतो, बांधतो, आणि मग स्वतःच दोर कापतो.

मला ही शुद्ध पळवाट वाटते. दोन तास कुणाचीही गय न करणारा सिनेमा शेवटी गेबलसाठी पाघळला. आधी जिरवायची, मग सोडायचं, ह्याला दया म्हणत नाहीत.

माळरान:
दया म्हणतंय कोण? गे स्वतःच सांगतो, माझ्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवलेलं मला चालत नाही. बास, एवढंच आहे ते.

आणि त्याआधीचं बघा ना. रोझलिन 200 डॉलर देऊ करते, तर तो उलट भडकतो. गिडोचं तर विचारूच नका. तो तिला एकटीला गाठून सुचवतो की तू माझी होणार असशील तर हे सगळं थांबवतो. ती त्याची जी सालटी काढते ना, मन्रोचं सिनेमातलं सगळ्यात भारी काम तेच. घोडे सोडायला एकाला बाई हवी, आणि गे पैसे दिले तरी ऐकत नाही. अशा माणसाने दोर कापायचा तर असाच कापणार.

आमच्याकडे बैल विकला की वडील दावं मात्र काढून घरी आणायचे. बैल गेला तरी दावं आपलं. गे बघताना मला तेच आठवलं.

पडदानशीन:
दाव्याचं आवडलं. पण तुमच्या वडिलांनी बैलाला आधी फरफटवलं नव्हतं ना!

तिसरी घंटा:
दोघेही गेबलवरच अडकलात. घोडे धरतात कसे ते बघा की. गिडो विमानाने कळप डोंगरातून सपाटीवर हाकतो, पुढे ट्रकवरून फास पडतो, आणि फासाच्या दुसऱ्या टोकाला जड टायर. घोडा पळतो, टायर मागे घासत येतो, दम संपला की उभा राहतो. ह्यात कसली मर्दुमकी? ‘काउबॉय’पणाची हवा सिनेमाने तिथेच काढून घेतलीय. म्हणून शेवटी गे ह्याला एकट्याने, नुसत्या दोरावर झगडावं लागतं. ती पळवाट नाही, जुनं काम शेवटचं एकदा नीट करणं आहे.

साठ सेकंद:
थोडा इतिहास. नेवाडातल्याच वेल्मा जॉन्स्टन, म्हणजे ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’, ह्यांनी 1950 मध्ये घोडे नेणाऱ्या ट्रकमधून रक्त गळताना पाहिलं आणि हे थांबवण्याच्या मागे लागल्या. सरकारी जमिनीवर विमान-मोटारींनी रानटी घोडे धरायला बंदी आली 1959 मध्ये. सिनेमाचं शूटिंग 1960 चं!

पडदानशीन:
हेच तर म्हणतोय मी. प्रत्यक्षात घोडे वाचवले एका बाईच्या चिकाटीने, पडद्यावर श्रेय गेबलच्या चाकूला. रोझलिन ओरडते तेव्हा ह्यूस्टन कॅमेरा तिच्याजवळ नेतसुद्धा नाही, एवढीशी दिसते ती त्या वाळवंटात.

माळरान:
म्हणून तर अंगावर येतं ते! जवळून घेतलं असतं तर आपण मन्रोचा चेहरा बघत बसलो असतो.

साठ सेकंद:
आणि कायद्याने सगळं निस्तरलं असंही नाही. पूर्ण संरक्षण 1971 ला मिळालं, 1976 मध्ये सरकारलाच हेलिकॉप्टरची मुभा मिळाली. आजही संख्या फार झाली म्हणून तसेच हाकतात.

तिसरी घंटा:
शिंगराकडे कुणी लक्ष दिलंत का? आई जखडलेली, म्हणून ते तिच्याजवळून हलतच नाही. गेचं काय व्हायचं ते होवो, मी पुढचा सगळा वेळ त्या शिंगरालाच शोधत होतो.