अजगर फार्मचा म्हणून पर्स सोवळी?

गंगापूररोडकर:
परवा इथे एका ताईंनी बँकॉकहून आणलेल्या अजगराच्या पर्सचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "फार्मचा आहे, कागद आहेत, उगाच हळहळू नका." त्यावर बदामांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा. अहो, फार्ममध्ये जन्मला म्हणून सोलताना कमी दुखतं का? इंडोनेशिया-मलेशियात आजही रानातले अजगर पकडतात आणि असे रानातले 'फार्मचे' म्हणून कागदावर चढल्याची प्रकरणं उघडकीस आली आहेत. शनेलसारख्या बड्या फॅशन कंपनीने 2018 मध्ये मगर, साप, सरडा यांचं कातडं बंद केलं. आपण तर सापाच्या कातड्याची निर्यात 1976 मध्येच थांबवली. मग आता ही हौस कशाला?

भद्रकालीचा_भाचा:
पायात काय आहे हो तुमच्या? कोल्हापुरी ना? म्हैस आपली म्हणून चालते, अजगर परका म्हणून पाप!
अमेरिकेतल्या लुइझियानातली मगर (तिकडची अ‍ॅलिगेटर) 1967 मध्ये संकटग्रस्त यादीत होती. पुढे ठरावीक शिकारीची परवानगी मिळून दलदलीच्या मालकांना पैसे मिळू लागले, नंतर अंडी विकूनही, आणि वाढवलेल्या पिल्लांतली काही परत पाण्यात सोडायची अट घातली. 1987 मध्ये ती धोक्याबाहेर आली. दलदलीतून पैसे येतात, मग बुजवेल कोण? नुसत्या हळहळीने एक तरी मगर वाचली का?

गंगापूररोडकर:
म्हशीचं मटण खातात, मग चामडं उरतं. अजगर पर्ससाठीच मारतात.

भद्रकालीचा_भाचा:
व्हिएतनाममध्ये अजगर खातात. लिहिण्याआधी जरा वाचा.

ढोलवाला_पंचवटी:
अवांतर आहे, पण चामड्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आमच्या आजोबांच्या ढोलाला बोकडाच्या कातड्याचं पान होतं. पावसात सैल पडायचं. मग मिरवणुकीआधी वाकडी बारवेपाशी रद्दी पेटवून पान शेकायचं, नखाने टिचकी मारून कान लावायचा. 'टण्ण' आलं की निघायचं. आता सगळीकडे फायबर. पावसाला भीत नाही, शेकायला नको, आवाज मात्र रिकाम्या तेलाच्या डब्याचा. आणि याला म्हणे नाशिक ढोल!

सिडको_ताशा:
आमचं पथक फायबरच वाजवतं. तीन तास धो धो पावसात वाजवून दाखवा तुमचं बोकड. आणि ताशाला प्लास्टिक लागलं तेव्हा कुठे होतात?

ढोलवाला_पंचवटी:
तेव्हाही ओरडलो होतो, तुम्ही दुधाच्या बाटलीत होतात.

गंगापूररोडकर:
म्हणजे बोकड मेला तरी चालेल, ठोका घुमला पाहिजे?

ढोलवाला_पंचवटी:
बोकड मटणासाठीच कापलेला होता. त्या रविवारी रांगेत तुम्हीपण असाल!

गंगापूररोडकर:
मी 14 वर्षं शाकाहारी आहे. वैयक्तिक येऊ नका.

भद्रकालीचा_भाचा:
कोल्हापुरी घालणारा शाकाहारी. छान.

नाशिकरोडची_माई:
भांडा तुम्ही. माझ्या वडिलांनी साठच्या दशकात आईला सापाच्या कातडीची पर्स आणली होती. तेव्हा सर्रास मिळायची. ती ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत असायची. उघडलं की आधी डांबर, मग एक कुबट वास. खवल्यांवरून एका बाजूने बोट फिरवलं तर रेशीम, उलट फिरवलं तर नखात अडकायचं, कांद्याच्या वाळक्या सालीसारखं. आईने ती कधी कुठे मिरवली नाही, सोन्याच्या पावत्या ठेवायची. माहेरी द्राक्षबागेत धामण निघाली की हीच आई गड्याला म्हणायची, "तिला हात लावू नको, उंदीर कोण खाणार, तू?" घरात पर्स, बागेत धामण. हे तिला कधी विसंगत वाटलं नाही. मला वाटतं. टाकवत मात्र नाही.

कायदेपंडित_07:
1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्या पर्सचा मालकी दाखला आहे का?

नाशिकरोडची_माई:
आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्याकडेच मागा.

भद्रकालीचा_भाचा:
माई, तुमच्यापुढे गप्प बसतो. बरं, पर्स नको. अजगराचा तसाही मला पुळका नाही. पण कोल्हापुरी बनवणाऱ्यांच्या पोटावर पाय देणारी दया इथे आणू नका. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर त्यांना चामडं मिळवताना काय सोसावं लागलं, ते गंगापूर रोडवर नाही कळायचं.

गंगापूररोडकर:
लुइझियाना मान्य. कोल्हापुरीचंही अर्धं मान्य. पर्सचं नाही म्हणजे नाही. आणि त्या ताई अजून एक अक्षर बोललेल्या नाहीत, फोटो तेवढा काढून टाकलाय.

ढोलवाला_पंचवटी:
ते असू द्या. बोकडाचं पान चढवणारा कारागीर कुणाच्या ओळखीत आहे का? आमचा जुना माणूस मुलाकडे पुण्याला गेला आणि गणपती तोंडावर आलेत.

सिडको_ताशा:
फायबर लावा की.