मदत हवी आहे: पीएस फोर जुन्या मॉनिटरला जोडायचाय, आवाज कुठून घ्यायचा?

चहाबिस्किट:

भाचा शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना त्याचा पीएस फोर स्लिम (सोनीचा गेम खेळायचा प्लेस्टेशन ४, बारीक मॉडेल) आमच्या चिरंजीवांना देऊन गेला. हॉलमधला टीव्ही संध्याकाळी साबांच्या (सासूबाईंच्या) मालिकांसाठी राखीव, तिथे वाटाघाटीला वाव नाही. आतल्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरचा २२ इंची मॉनिटर पडून आहे, तो वापरायचा विचार आहे.

मॉनिटरच्या मागे दोनच सॉकेट: निळं व्हीजीए आणि पांढरं डीव्हीआय. एचडीएमआय नाही, हेडफोनचं भोकही नाही. रेझोल्युशन १६८० बाय १०५०. स्पीकर टू पॉइंट वन, म्हणजे एक वूफर आणि दोन पिल्लं, हिरव्या पिनचे. आता पीएस फोरच्या पाठीमागे ती हिरवी पिन घालायला जागाच नाही!

एचडीएमआय-टू-डीव्हीआय केबल आणली. मॉनिटरचा दिवा लागतो, स्क्रीन काळी ती काळीच. हीच केबल लॅपटॉपला लावली की चित्र स्वच्छ येतं. दुकानदार म्हणतो, नवीन मॉनिटर घ्या. ते सोडून काहीही सुचवा.

खटपट्या:

लॅपटॉपवर चित्र येतंय म्हणजे केबल आणि मॉनिटर दोन्ही ठीक. माझा संशय एचडीसीपीवर, म्हणजे चित्राची नक्कल होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपावर. पीएस फोर एचडीएमआयमधून सिग्नल कुलूप लावून पाठवतो, आणि त्या काळातल्या काही डीव्हीआय मॉनिटरांकडे त्याची किल्लीच नसते. लॅपटॉप एरवी कुलूप लावत नाही, म्हणून तिथे चालतं.

गंमत अशी की हे बंद करायचं बटण पीएस फोरच्या मेनूत आहे, आणि मेनू दिसायला चित्र हवं. तेव्हा मालिका सुरू व्हायच्या आत टीव्हीला लावा. सेटिंग्ज, मग सिस्टिम, तिथे 'एनेबल एचडीसीपी'ची खूण काढा. गेम छान चालतात, नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप्स मात्र चालणार नाहीत.

टीव्हीवर आहात तोवर रेझोल्युशन 'ऑटोमॅटिक'वरून काढून ७२०पी करा. १०८०पीला १०८० ओळी लागतात, तुमच्याकडे १०५०. काही मॉनिटर ते आकसून दाखवतात, काही 'आउट ऑफ रेंज' म्हणून हात वर करतात. चित्र आलं की मग १०८० करून बघा.

रात्रपाळी:

आवाजासाठी ऑप्टिकल केबल आणि एक छोटा डॅक (डिजिटल आवाज साध्या स्पीकरला चालेल असा करणारी डबी) घ्या, काम फत्ते. माझ्याकडे तसंच आहे.

वायरगुंता:

रात्रपाळी, तुमचा २०१३चा जाडा पीएस फोर असणार किंवा प्रो. स्लिममधून ऑप्टिकल काढून टाकलंय.

चहाबिस्किट, आधी फुकटचा उपाय करून बघा. कंट्रोलरला खाली हेडफोनचं भोक आहे, हिरवी पिन त्यात घाला. सेटिंग्ज, डिव्हाइसेस, ऑडिओ डिव्हाइसेस, 'आउटपुट टू हेडफोन्स' मध्ये 'ऑल ऑडिओ' निवडा. नाहीतर फक्त गप्पांचा आवाज येतो. वायर लोंबते आणि कंट्रोलरची बॅटरी लवकर उतरते, पण स्पीकर चालतात की नाही एवढं कळतं.

कायमचं करायचं तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे एचडीएमआयमधला आवाज वेगळा काढणारी डबी. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असते. पीएस फोरची केबल आत, दुसऱ्या बाजूने मॉनिटरला बाहेर, आणि बाजूला स्पीकरसाठी भोक. वीज पीएस फोरच्याच यूएसबीतून घेते. हजार-दीड हजारात मिळते, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत विचारा. फक्त घेताना तिच्यावर 'पास / २सीएच / ५.१सीएच' असा बारीक स्विच आहे का ते बघून घ्या. कारण मॉनिटर जोडला की तो स्वतःची ओळख सांगतो, आणि डीव्हीआयवाला सांगतो की मला आवाज नको. मग पीएस फोर आवाज पाठवतच नाही, आणि डबी काढणार तरी काय? स्विच '२सीएच'वर ठेवला की डबी मॉनिटरच्या वतीने 'मला स्टिरिओ चालतो' असं सांगते.

पीएस फोरमध्ये ऑडिओ फॉरमॅट 'लिनिअर पीसीएम'च ठेवा. ब्लूटूथ स्पीकरच्या नादी लागू नका, पीएस फोर ते घेतच नाही.

चहाबिस्किट:

खटपट्या, कुलूपच होतं! टीव्हीवर खूण काढली, ७२०पी केलं, आत आणून लावलं, चित्र हजर. १०८०वर मात्र मॉनिटर रुसतो, त्यामुळे ७२०वरच ठेवलंय. अक्षरं किंचित मऊ दिसतात, पण चिरंजीवांना त्याचं काही नाही.

डबीही आली. 'पास'वर चिडीचूप, '२सीएच'वर वूफर असा दणाणला की साबा आत डोकावून गेल्या. वायरगुंता, धन्यवाद.

आता एकच शंका. खेळाडू जरा उंच आणि बारीक दिसतात. हे पीएस फोरमधून सुधारतं का?

खटपट्या:

पीएस फोरमधून नाही. तिथलं 'डिस्प्ले एरिया' चित्र चारही बाजूंनी सारखंच आत घेतं, त्याने उपयोग नाही. तुमचा मॉनिटर १६:१०, चित्र १६:९, म्हणून उभं ताणलं जातंय, दहाएक टक्के. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'आस्पेक्ट' किंवा 'स्केलिंग' शोधा. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या की प्रमाण बरोबर.

वायरगुंता:

आणि मुलाने उद्या सेटिंग्जमध्ये भलतंच रेझोल्युशन निवडून ठेवलं तर घाबरू नका. पीएस फोर पूर्ण बंद करायचा, पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरायचं, सेफ मोड उघडतो. तिथे रेझोल्युशन बदलायचा पर्याय आहे. कंट्रोलर मात्र यूएसबी वायरने जोडायचा, आणि शक्यतो टीव्हीवर करा.

चहाबिस्किट:

'आस्पेक्ट' सापडलं, 'इमेज सेटअप'च्या तळाशी दडून बसलं होतं. सेफ मोडचं कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवते.